जळणाच्या ढिगातून फळी आणि वाडगा: झाडकाम करणाऱ्या नवख्यांसाठी लाकूडकामाची सुरुवात

झाडं छाटायचं, उतरवायचं काम करणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे लिहितोय. सोसायटीतल्या फांद्या काढणारे, वादळानंतर घरावर पडलेलं झाड मोकळं करणारे, कोकणात कलमांच्या बागेत चेन सॉ घेऊन फिरणारे, सगळे आले त्यात. काम संपलं की ओंडक्यांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, टेम्पो येतो, वजनावर भाव होतो आणि माल बेकरीला नाहीतर वीटभट्टीला जातो. त्याच ढिगात कधी आंब्याचा हातभर रुंद बुंधा असतो, कधी फणसाचं पिवळंधमक खोड असतं, आणि हेच लाकूड वखारीत फळी म्हणून घ्यायला गेलात तर घनफुटावर मोजून पैसे टाकावे लागतात.

शहरातल्या हौशी माणसाला लाकूड विकत घ्यावं लागतं, आपल्याला ते झाड पडतं त्याच दिवशी मिळतं आणि चेन सॉ तर आधीच आहे. नडतं एकाच ठिकाणी, आपला हात जळणाच्या मापाने कापायला बसलाय. दीड-दीड फुटाचे तुकडे पाडले की त्यातून ना फळी निघते ना मोठा वाडगा. म्हणून मिल (ओंडक्याच्या फळ्या चिरायचं साधन) कुठली घेऊ, लेथ (लाकूड गोल फिरवून कापायचं यंत्र) कितीला मिळतं हे प्रश्न नंतर, आधी साइटवर चेन कुठे लावायची ते बदला. यूट्यूब बघून पहिल्याच महिन्यात मशीन घेतात आणि मग लाकूड फाटलं म्हणून ते कोपऱ्यात पडून राहतं, असे बरेच बघितलेत.

कागद आधी

कंटाळवाणं आहे पण उरकून घेऊ. महाराष्ट्रात शहरी भागात १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा चालतो आणि परवानगी वृक्ष प्राधिकरणाची लागते, २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं आणि त्यापुढचं झाड हेरिटेज धरलं जातं. खाजगी जमिनीवरच्या झाडांना १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे, त्याच्या यादीत फक्त साग-चंदन नाहीये, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, ऐन, किंजळ हेही आहेत. म्हणजे घराच्या मागचं फणसाचं झाड पण विचारूनच. परवानगी मालकाने काढायची असते, आपण तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायचा. लाकूड गाडीत घालून न्यायचं तर वाहतुकीचा पास लागतो का हे जातीवर आणि जागेवर ठरतं, जवळच्या वनखात्याच्या रेंज ऑफिसात विचारा, एका फेरीत काम होतं.

रस्त्याकडेच्या झाडाचं लाकूड पालिकेचं असतं, ते ठेक्यात कोणाला दिलंय ते बघितल्याशिवाय उचलायचं नाही. चंदन आणि खैराच्या वाटेला छंदासाठी जाऊच नका. आणि स्वतःपुरतं चिरणं वेगळं, लोकांचं लाकूड पैसे घेऊन चिरून द्यायला लागलात तर विषय आरा गिरणीच्या परवान्याकडे जातो, तो आधी विचारून घ्या.

कुठलं लाकूड ठेवायचं, कुठलं खुशाल जाऊ द्यायचं

नवख्याला मी पहिलं नाव सांगेन ते पर्जन्यवृक्षाचं, काही जण विलायती शिरीष म्हणतात. पुण्या-मुंबईत रस्त्याकडेला भरपूर आहेत, मुंबईत तर पिठ्या ढेकूण या किडीने कितीतरी वाळले. लाकूड आतून चॉकलेटी, बाहेरची पट्टी पांढरी, दोन्ही रंग एका वाडग्यात आले की बघत राहावं. मोठा गुण म्हणजे हे वाळताना फार आकसत नाही, त्यामुळे तडे कमी. हवाई आणि फिलिपिन्समध्ये याच झाडाचे वाडगे-ताटं वर्षानुवर्षं बनतायत ते त्यामुळेच. भुसा मात्र नाकाला झोंबतो, मास्क हवाच.

आंबा सगळीकडे मिळतो, कापायला मऊ, पोळपाटापासून टेबलापर्यंत सगळ्याला चालतो, पण लाकूड पोखरणारा भुंगा त्याच्या वासावरच असतो जणू. ओला ओंडका पावसात पडू दिला की बुरशी धरून निळे-काळे पट्टे येतात, ते काही लोकांना आवडतात आणि वाडग्यात छानही दिसतात, मात्र तिथे लाकूड कुजायला सुरुवात झालेली असते, नखाने दाबून बघा, दबलं तर सोडून द्या. फणस माझा आवडता. ताजा कापला की हळदीसारखा पिवळा, वर्ष-दोन वर्षांत उन्हा-हवेने तपकिरी होतो, किडीला बऱ्यापैकी दाद देत नाही. दक्षिणेत मृदंगाचं खोड फणसाचं करतात.

चिंच जड आणि चिवट, खाटकाचा ओंडका चिंचेचा असतो तो उगाच नाही. चेनची धार मात्र खाते. बाभूळ म्हणजे दांडे आणि बैलगाडीची चाकं, आपल्या कुऱ्हाडीला यापेक्षा चांगलं काही नको. शिवण मिळाली तर हातची सोडू नका, हलकी असते आणि वाळून वेडीवाकडी होत नाही. कडुलिंब, जांभूळ ठीक, जांभूळ वाळताना पिळतो.

निलगिरी सरळसोट दिसते म्हणून मोह होतो, पण तिच्या आत ताण भरलेला असतो, चिरता चिरता फळी धनुष्यासारखी उचलते आणि टोकं फाटतात. सुरूच्या झाडाचं लाकूड जड, भारी रंगाचं, पण फुटतं फार. गुलमोहर मऊ आणि लगेच किडणारा, जळणाला जाऊ दे. माड वेगळंच प्रकरण, त्याला वर्षाची वलयं नसतात, बाहेरची दोन-तीन इंच कडक आणि आतलं भुसभुशीत, कडक भागाचे दांडे-पट्ट्या सुंदर होतात पण चेनची धार बघता बघता जाते.

आणि दोन धोक्याची नावं. बिब्बा, त्याचा चीक अंगावर उठतो, फोड येतात, ओलं लाकूड कापूच नका. दुसरी कण्हेर, विषारी आहे, तिचं खाण्याच्या वस्तूत काहीही बनवायचं नाही.

साइटवर चेन कुठे लावायची

बुंधा जमिनीवर आला की जळणवाल्याला हाक मारायच्या आधी ओंडका एकदा फिरून बघा. सरळ भाग कुठला, गाठी कुठे, पोकळी आहे का. फळ्यांसाठी सात-आठ फूट लांब ठेवायचं, जागा नसेल तर चार-पाच. पाहिजे त्या मापापेक्षा दोन्हीकडे सहा-सहा इंच जास्त, कारण टोकं फाटणारच. वाडग्यासाठी ओंडक्याची लांबी त्याच्या जाडीएवढी किंवा थोडी जास्त, दहा इंच जाड असेल तर बारा इंच लांब. जिथे बुंध्याला दोन फांद्या फुटतात ते बेचकं तर अजिबात तोडू नका, रेषा एकमेकीत गुंतून मोरपिसासारखी नक्षी येते ती तिथेच. जळणवाला नेमका तोच तुकडा फोडायला अवघड म्हणून टाकून देतो.

वजनाचा अंदाज घ्या. दोन फूट जाड आणि आठ फूट लांब ओल्या आंब्याचा ओंडका सहाशे-सातशे किलोच्या घरात जातो. दोन पोरं बोलावून तो टेम्पोत चढत नाही. म्हणूनच मिल ओंडक्यापाशी न्यायची आणि फळ्या उचलून आणायच्या, चेन सॉ मिलिंगचा खरा फायदा हाच आहे.

टोकं त्याच दिवशी बंद करायची. संध्याकाळी नाही, उद्या नाही, कापलं की लगेच. उरलेला ऑइल पेंट, मेण, काहीही चालेल, जाड दोन हात. ओल्या लाकडातलं पाणी टोकातून कितीतरी पटीने लवकर बाहेर पडतं, टोक आकसतं, मधला भाग आकसत नाही आणि तिथून तडा सुरू होतो. मे महिन्याच्या उन्हात तर दुपारपर्यंत केसासारख्या भेगा दिसायला लागतात.

आणि खिळे. शहरातलं झाड म्हणजे खिळ्यांचं भांडार, क्लासच्या जाहिराती, दिवाळीच्या माळांच्या तारा, जुन्या ट्री गार्डची सळई खोडाने गिळलेली. बाहेरून काही दिसत नाही, लाकडावर निळसर-काळा डाग दिसला की समजायचं आत लोखंड आहे. हातातला छोटा मेटल डिटेक्टर ऑनलाइन मिळतो, पहिल्या वाचलेल्या चेनमध्येच पैसे वसूल. जमिनीपासून माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंतचा भाग जास्त संशयाने बघा, खिळा ठोकणारा शिडी घेऊन येत नाही.

वादळात पडलेल्या झाडांबद्दल एक. ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ निसर्ग चक्रीवादळ आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते, कोकणात आंबा, फणस, माड आडवे झाले. असं उन्मळून पडलेलं झाड निरोगी असतं त्यामुळे लाकूड चांगलं, पण जिथे खोड वाकून मोडलंय तिथून पुढे-मागे आत आडव्या भेगा असू शकतात, तो तुकडा लेथवर चढवायचा नाही, फिरता फिरता फुटतो. आणि ताणाखाली अडकलेला बुंधा आधी मोकळा करणं हे आपलं रोजचं काम, फळीच्या नादात तिथे घाई नको.

मशीन: सॉ, चेन आणि मिल

ज्याला अलास्कन मिल म्हणतात ती म्हणजे सॉच्या बारला, म्हणजे चेन ज्या पट्टीवरून फिरते तिला, चिकटणारी एक चौकट, ती सरळ पृष्ठावरून सरकवत नेली की ठरवलेल्या जाडीची फळी निघते. बारच्या लांबीतले पाच-सहा इंच चौकटीत जातात हे धरून चाला, ३६ इंची बारवर साधारण तीस इंची फळी. एवढ्या रुंदीला ९० सीसीच्या पुढचा सॉ लागतो, स्टिलचा ६६१ किंवा हस्क्वर्नाचा ३९५ या वर्गातला. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे ५८ सीसीचा स्वस्त सॉ असतो, त्यावर पण सुरुवात होते, फक्त बारा-चौदा इंचांच्या आतले ओंडके घ्या आणि दम खात खात चालवा. मोठा सॉ पहिल्या दिवशी विकत घेऊ नका, हा छंद टिकतोय का ते आधी बघा.

चेन वेगळी हवी. आपली नेहमीची चेन आडवं कापायला घासलेली असते, दाताचा कोन तीसच्या आसपास. उभं चिरताना दहा अंशांच्या आसपासचा कोन लागतो, रिपिंग चेन म्हणून मिळते किंवा जुन्या चेनला कानस मारून स्वतः कोन आणता येतो, थोडा थोडा करून. थ्री-एट पिचला (पिच म्हणजे चेनच्या कड्यांचं इंचातलं माप) साडेपाच मिलीमीटरची गोल कानस, पॉइंट थ्री टू फाइव्हला चार पॉइंट आठची. सगळे दात एका लांबीचे नसतील तर फळीवर लाटा येतात आणि सॉ एका बाजूला ओढतो, मग लोक मिलला नावं ठेवतात.

ऑइल-पेट्रोलचं प्रमाण सॉच्या पुस्तकात दिलंय तेच, चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलला बहुतेक ५० ला १ असतं, स्वस्त मशीनना २५ किंवा ४० ला १ सांगितलेलं असतं. मिलिंगमध्ये सॉ मिनिटंच्या मिनिटं फुल रेसवर चालतो, नेहमीच्या कामात तसं कधी होत नाही, म्हणून कार्ब्युरेटर थोडा रिच, म्हणजे पेट्रोल जरा जास्त जाईल असा ठेवतात. जमत नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या, लीन चालला, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, की पिस्टन गेला.

एक हिशोब आधीच मान्य करा. चेन सॉ प्रत्येक चिरेला जवळपास ८-९ मिलीमीटर लाकडाचा भुसा करतो, बँड सॉ (पातळ पट्ट्याची करवत) दोन-तीन. म्हणजे बारीक फळ्या काढायला हे हत्यार नाहीच. दोन इंची जाड फळ्या काढायच्या, बारीक लागल्या तर तोच ओंडका सॉ मिलवर टाकायचा, त्यात कमीपणा काही नाही.

पहिली चीर

ओंडका जमिनीवरून वीतभर तरी उचला, खाली दोन आडवे तुकडे, दोन्ही बाजूंनी पाचर. हलायला नको. पुढचं टोक किंचित खाली ठेवलं तर मिल स्वतःच्या वजनाने सरकते, कंबर वाचते.

पहिल्या चिरेला वर सपाट काही नसतं म्हणून वाट तयार करायची. अॅल्युमिनियमची सरळ शिडी सगळ्यात सोपी, नाहीतर दोन सरळ पट्ट्या लाकडाला स्क्रूने बसवायच्या. बुंधा एकीकडे जाड एकीकडे बारीक असतो, म्हणून दोन्ही टोकांना शिडी गाभ्यापासून सारख्या उंचीवर आहे का ते टेपने बघा. मग स्क्रू: जिथून चेन जाणार आहे त्याच्या वरतीच ते संपले पाहिजेत, दोन वेळा मोजा. मिलची खोली लावताना शिडीची जाडी धरायला विसरलं की नेमकं तिथेच गणित चुकतं.

आता अंगावर काय. हेल्मेट, चष्मा, कानावर मफ, चेन सॉचे चॅप्स (पायांवर बांधायचं जाड आवरण) किंवा पँट, बूट. कामावर घालतच नाही म्हणणारे आहेत आपल्यात, त्यांना एवढंच की मिलिंगमध्ये तोंड सलग तासभर धुराजवळ आणि कान शंभर डेसिबलच्या वर असतात. वारा पाठीमागून किंवा बाजूने येईल असं उभं राहा, समोरून आला तर धूर आणि भुसा सगळा आपल्यालाच. हाताला मुंग्या यायला लागल्या की थांबायचं, हादऱ्याने बोटांच्या नसा कायमच्या बिघडतात.

सॉ आधी फुल रेसवर, मग लाकडात. ढकलायचं नाही, चेनला तिच्या वेगाने खाऊ द्यायचं. सुरुवातीला भुसा जाडसर कणीसारखा पडतो, तो पिठासारखा व्हायला लागला की धार गेली, तिथेच थांबून कानस मारा. जोर लावून ओढणारे लोक बार जाळून घेतात. चीर फूट-दीड फूट गेली की मागे पाचर सरकवत राहा, नाहीतर वरचा भाग बसतो आणि बार अडकतो. लोखंडी पाचर नको, प्लास्टिक किंवा लाकडाची. टोकाला पोचल्यावर सॉ लगेच बंद करू नका, अर्धा-एक मिनिट आयडलला ठेवून गार होऊ द्या.

वरचा पाठीचा भाग काढला की शिडीची गरज संपली, आता त्या सपाट बाजूवर मिल ठेवून दोन-दोन इंचांनी खाली जायचं. मधली, गाभ्यातून जाणारी फळी जवळजवळ नक्की फाटते, तिच्यातून गाभ्याची दोन इंची पट्टी काढून टाका आणि बाकीच्या दोन अरुंद फळ्या करा. पहिल्या दिवशी तीन फळ्या निघाल्या तरी दिवस चांगला गेला.

वाळवण, इथेच खरी परीक्षा

आपल्या धंद्यात एक उलटं चक्र आहे. पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्यात जास्त छाटणी होते, म्हणजे एप्रिल-मेमध्ये माल येतो आणि दोन महिन्यांत हवेत पाणीच पाणी. म्हणून शेडची तयारी मार्चमध्येच करायची.

शेड म्हणजे वर पत्रा, बाजू मोकळ्या, जमिनीपासून दीड फूट उंच. खाली चिऱ्याचे किंवा सिमेंटचे ठोकळे, वाळवीसाठी जमिनीला लाकूड कुठेही टेकलेलं नको. मग पहिली फळी, तिच्यावर आडव्या एक इंची सुक्या लाकडाच्या पट्ट्या दर दीड-दोन फुटांवर, त्यावर पुढची फळी, असं चढवत जायचं. प्रत्येक थरातल्या पट्ट्या एकावर एक उभ्या ओळीत आल्या पाहिजेत, चुकल्या की फळी तिथे वाकून वाळते आणि मग ती सरळ होत नाही. पट्ट्या ओल्या लाकडाच्या वापरल्या तर त्यांचे डाग फळीत उतरतात. वरून वजन, दगड-बिगड चालतील. ऊन थेट लागू देऊ नका, ताडपत्रीत गुंडाळून तर अजिबात ठेवू नका, आत बुरशीची शेती होते.

किती दिवस? जुना अंदाज असा की इंचाला एक वर्ष, दोन इंची फळीला दोन वर्षं. आंबा-शिरीष जरा लवकर, चिंच-बाभूळ जरा उशिरा. अंदाजावर जाण्यापेक्षा ओलावा मोजायचं मीटर घ्या, फार महाग नसतं. कोकणात पावसाळ्यात उघड्या शेडमधलं लाकूड सोळा-अठरा टक्क्यांच्या खाली येतच नाही, देशावर मे महिन्यात तेच सात-आठपर्यंत उतरतं. घरातल्या फर्निचरला दहा-बारा टक्के चांगले, म्हणून शेवटचे काही आठवडे फळी घरातच, पंख्याखाली भिंतीला टेकून. रत्नागिरीत बनवलेलं टेबल पुण्यात मुलीकडे पाठवणार असाल तर हे डोक्यात ठेवाच, तिथे गेल्यावर ते अजून आकसणार आहे.

भुंग्याचं औषध चिरल्या चिरल्या मारायचं, वाळल्यावर ते आत जात नाही. दीड भाग बोरॅक्स आणि एक भाग बोरिक अॅसिड, असं मिश्रण दहा लिटर गरम पाण्यात अर्धा किलो, हातमोजे घालून ब्रशने सगळ्या बाजूंना. खाण्याच्या भांड्यांना जाणाऱ्या लाकडाला हे नाही लावायचं. बाहेरच्या पांढऱ्या भागातच भुंगा जास्त लागतो, फळीखाली मैद्यासारखं पीठ पडलेलं दिसलं की ती फळी लगेच ढिगातून बाहेर, बाकीच्यांना लागण व्हायच्या आत.

लेथ: ओल्या लाकडाचा वाडगा

ज्याला दोन वर्षं थांबवत नाही त्याने लेथकडे वळावं, कारण वाडगा ओल्या लाकडाचाच करायला घ्यायचा असतो. ओलं लाकूड लोण्यासारखं कापलं जातं, लांबलचक सालपटं उडतात, धूळ नाही. ऑनलाइन मिळणारं छोटं टेबलावरचं लेथ सुरुवातीला पुरतं, त्यावर आठ-दहा इंचांपर्यंतचा वाडगा बसतो. हत्यारं तीन घ्या: बोल गाउज (वाडगा कोरायची पन्हळीसारखी पटाशी), पार्टिंग टूल (खाच पाडायची अरुंद पटाशी) आणि एक जाड स्क्रेपर (खरवडायचं हत्यार). पंधरा हत्यारांचा सेट स्वस्तात मिळतो, त्यातलं एकही धड नसतं.

काय करायचं ते असं. ओंडका गाभ्यातून बरोबर मधोमध उभा चिरा, दोन अर्धे झाले. गाभा पूर्ण जाईल एवढं चेन सॉने काढून टाका, गाभा राहिला तर वाडगा चांदणीसारखा फुटतो. सपाट बाजूवर गोल आखा आणि कोपरे चेन सॉने उडवा, पण तुकडा पाचर लावून घट्ट बसवल्याशिवाय नाही, हातात-पायात धरून तर कधीच नाही. सपाट बाजूला फेसप्लेट (लेथवर बसणारी धातूची तबकडी) जाड स्क्रूंनी बसवा, ती बाजू पुढे वाडग्याचं तोंड होते.

लेथ चालू करायच्या आधी लाकूड हाताने पूर्ण एकदा फिरवून बघा, टूल रेस्टला (हत्यार टेकवायच्या पट्टीला) कुठे घासत नाही ना. वेगाचा ठोकताळा: व्यास इंचात आणि फेरे मिनिटाला, यांचा गुणाकार सहा ते नऊ हजारांच्या मध्ये. दहा इंची वाडग्याला सहाशे ते नऊशे. ओबडधोबड तुकडा असेल तर त्याच्याही खाली सुरू करा, मशीन थरथरत असेल तर अजून खाली. तोंडावर पूर्ण फेस शील्ड, नुसता चष्मा नाही. हातमोजे, लांब बाह्या, गळ्यातली माळ-ओढणी काही नको, चेन सॉला हातमोजे लागतात आणि लेथला ते जीवघेणे आहेत.

गाउज धरताना आधी त्याची पाठ, म्हणजे घासलेला तिरका भाग, फिरत्या लाकडाला टेकवायचा, काहीच कापलं जाणार नाही. मग दांडा हळूच उचलत न्यायचा, धार लाकडाला भेटते आणि सालपट निघायला लागतं. उलटं केलं, थेट धारच घुसवली की हत्यार अडकतं आणि झटका बसतो. बाहेरून बुडाकडून तोंडाकडे कापत यायचं, आतून तोंडाकडून तळाकडे. बाहेरचा आकार झाला की बुडाला चकमध्ये, म्हणजे लाकूड पकडणाऱ्या लेथच्या जबड्यात, धरायला गोल खाच करा, उलटा करून चकात पकडा आणि आतून पोकळ करा.

पण एवढ्यात पूर्ण करायचा नाही. भिंत व्यासाच्या दहाव्या भागाएवढी जाड ठेवायची, दहा इंचीला एक इंच, तळ पण तेवढाच. आता लाकडाच्या रेषांची टोकं जिथे उघडी पडतात तिथे मेण लावा, वर्तमानपत्राच्या दोन-तीन थरांत गुंडाळा, तारीख आणि झाडाचं नाव लिहा आणि सावलीत ठेवून द्या. पावसाळ्यात कागद ओला झाला की बदला, नाहीतर बुरशी. तीन-चार ते सहा महिने जातात. अधूनमधून वजन करून बघा, महिनाभर वजन उतरलं नाही की वाळला. तो तोवर अंडाकृती झालेला असतो, हे व्हायलाच पाहिजे, जाड ठेवला होता तो त्यासाठीच. परत लेथवर चढवून गोल करा आणि भिंत सहा-आठ मिलीमीटरवर आणा.

लेथ घ्यायच्या आधी एकदा सावंतवाडीला चितारआळीत जाऊन या, लाकडी फळं आणि खेळणी तिथली प्रसिद्ध आहेतच. दक्षिणेकडे चन्नपट्टणला, बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर, लाखेची खेळणी होतात: काळ्या कुड्याचं पांढरं लाकूड फिरत असतं, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून पसरते, मग केवड्याच्या सुक्या पानाने घासून चमक आणतात. कारागीर किती कमी हत्यारांत किती काम करतो ते बघितलं की खरेदीची यादी आपोआप अर्धी होते.

साध्या वस्तू आणि शेवटचा हात

पहिलं सुतारकाम म्हणून टेबल नको. कुऱ्हाडीचा दांडा करा. बाभळीचा सरळ रेषांचा तुकडा करवतीने न कापता पाचरीने फोडायचा म्हणजे रेषा तुटत नाही, वाळवायचा, मग रंधा आणि काचेच्या तुकड्याने गोलाई. दांडा बसवताना कुऱ्हाडीच्या डोळ्यात, म्हणजे दांडा जातो त्या भोकात, पाचर. त्यानंतर पोळपाट, पाट, दोन फळ्यांचा बाक. रंधा आणि पटाशीला धार लावता आली की अर्धं सुतारकाम आलं, आणि चेनला कानस मारणाऱ्या माणसाला ते जड जात नाही.

पॉलिशला खाण्याच्या वस्तूंवर कच्चं अळशीचं तेल नाहीतर तेल आणि मधमाशीचं मेण, पातळ हात, पुसून काढायचं, दोन-तीन आठवडे मुरू द्यायचं. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेल भांड्यांना नको, त्यात लवकर सुकायला रसायनं घातलेली असतात. खोबरेल पण टाळा, ते कधी सुकत नाही आणि नंतर खवट वास मारतं. शोभेच्या वस्तूला स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख झकास, पण गरम कप ठेवला की पांढरा डाग येतो.

अळशीच्या तेलाचे बोळे भुशाच्या ढिगात किंवा गोळा करून टाकू नका. ते सुकताना स्वतःच तापतात आणि रात्रीत पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा दोरीवर पसरून अंगणात वाळत घाला, कडक झाले की मग कचऱ्यात.